एसपी ५५ वाचताना: आकृतीतला माणूस कुठे उभा आहे?

रस्ता सुरक्षेवर पीएचडी करायची म्हणत असाल, तर इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ५५ ही मार्गदर्शिका कधी ना कधी तुमच्या हातात येणारच. रस्त्यावर काम चालू असताना वाहतूक कशी सांभाळायची, हा तिचा विषय. पहिली आवृत्ती २००१ची, सुधारित २०१४ची. जरूर वाचा. फक्त आकृत्या बघताना स्वतःला विचारत राहा: यात काम करणारा माणूस नेमका कुठे उभा आहे?

मार्गदर्शिकेची मांडणी स्वच्छ आहे. आधी सूचनेचे फलक, मग लेन हळूहळू बंद करत नेणारा निमुळता भाग (टेपर), मग कामाची जागा, मग वाहनं पुन्हा मोकळी सोडणारा भाग. टेपर किती लांब हवा, हे वेगावर ठरतं. अमेरिकेच्या एमयूटीसीडी या नियमावलीतलं सूत्र घ्या आणि आपल्या डॉ. आंबेडकर रोडवर लावून बघा. साडेतीन मीटरची एक लेन बंद करायची आहे. वेग ताशी ५० किलोमीटर असेल तर टेपर सुमारे ५६ मीटर. वेग ७२ झाला की सुमारे १५८ मीटर. म्हणजे वेग दीडपटही वाढला नाही आणि टेपर जवळपास तिप्पट!

आता परळ-लालबागला अशी कामं काढतात कधी? बहुतेक रात्री, कारण दिवसा लेन बंद करणं परवडत नाही. म्हणजे रस्ता मोकळा, गाड्या सुसाट, आणि सगळ्यात लांब टेपर हवा तो नेमका तेव्हाच. हिंदमाता ते लालबाग मध्ये सिग्नल, गल्ल्यांची तोंडं, बसस्टॉप. १५८ मीटर सलग आणायचे कुठून? वर उड्डाणपुलावर सलग लांबी मिळते, पण गाडी अंगावर आली तर बाजूला उडी मारायला फुटपाथ नाही.

माझा खरा आक्षेप पुढे आहे. आकृतीत कोन आधीच मांडलेले असतात. ते मांडणारा माणूस मात्र कोनांच्या पुढे, उघड्या लेनमध्ये असतो, आणि उचलताना पुन्हा तसाच. एमयूटीसीडी हे निदान मान्य करते: तासाभराच्या आतल्या कामात संरक्षण उभं करायलाच कामापेक्षा जास्त वेळ लागू शकतो, म्हणून कमी साधनं आणि दिवे लावलेली गाडी चालेल. एक मॅनहोलचं झाकण बदलणं, एक खड्डा बुजवणं, ही आपली रोजची कामं याच प्रकारातली.

आणि ठरवून नसलेलं काम? ५ ऑक्टोबर २०२२च्या पहाटे वांद्रे-वरळी सी-लिंकवर आधीच्या अपघाताच्या मदतीला थांबलेली माणसं, रुग्णवाहिका आणि गाड्या यांच्यावर एक भरधाव कार आदळली. पाच जण गेले, त्यांत सी-लिंकचे कर्मचारी होते. तेही रस्त्यावर कामावरच होते की.

असे मृत्यू आकडेवारीत शोधायला जाल तर अडकाल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात ‘रस्त्याचं काम चालू’ हा रकाना आहे, पण तो जागेचा. मृतांची वर्गवारी पादचारी, दुचाकीस्वार, कारमधले अशी. रस्त्यावरचा कामगार असा वर्गच नाही. त्या जागेच्या रकान्यात खड्ड्यात पडलेला मोटरसायकलवाला आणि डांबर टाकणारा मजूर एकत्र मोजले जाऊ शकतात. तो आकडा उचलून ‘कामगारांची सुरक्षितता’ असं शीर्षक दिलंत, तर गाईडच्या आधी मीच हरकत घेईन.

नुसतं ‘बॅरिअर होतं की नव्हतं’ असा तक्ता भरूनही भागत नाही. २२ मार्च २०२३ला अमेरिकेत बाल्टिमोरच्या बेल्टवेवर सहा कामगार मेले. तिथे काँक्रीटचं बॅरिअर होतं. अतिवेगातली कार त्यातल्या मोकळ्या फटीतून आत घुसली.

मग मोजायचं काय? माणूस उघड्या लेनमध्ये किती मिनिटं होता, ते. कोन मांडताना किती, उचलताना किती, झेंडा घेऊन किती. रात्रभरात किती कोन गाड्यांनी उडवले, हेही मोजा. अपघाताची वाट न बघता धोका कळायचा तो एक मार्ग आहे. मुकादमाशी आधी बोलून घ्या, काम सुरू व्हायच्या अर्धा तास आधी पोचा. आणि निरीक्षण फुटपाथवरूनच करा, घड्याळ घेऊन लेनमध्ये उतरू नका.