छायाचित्रकाराची थैली आणि चित्राचे प्रामाण्य : धाराशिव जिल्ह्यातील काही उदाहरणांच्या आधारे

१

छायाचित्रणाविषयीच्या मार्गदर्शक पुस्तकांत एक प्रकरण हमखास आढळते : छायाचित्रकाराने आपल्या थैलीत काय बाळगावे? या प्रश्नाचे उत्तर बहुधा भिंगांच्या यादीने दिले जाते. रुंद दृश्यासाठी एक भिंग, व्यक्तिचित्रासाठी दुसरे, दूरच्या वस्तूसाठी तिसरे. त्यानंतर फ्लॅश, जादा बॅटरी, मेमरी कार्डे, तिपाई आणि भिंग पुसण्याचे मऊ फडके. ही यादी चुकीची असते असे नाही. परंतु ती एका अव्यक्त गृहीतावर उभी असते. चित्र स्वच्छ व देखणे उमटले की छायाचित्रकाराचे कार्य संपले, हे ते गृहीत होय.

ज्या अभ्यासकाला ते चित्र पुढे पुरावा म्हणून हाताळावयाचे असते, त्याच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न तेथेच सुरू होतो. चित्रातील वस्तू केवढी आहे? ती कोठे होती? तिच्यावर प्रकाश कोणत्या बाजूने पडला होता? चित्र कोणत्या महिन्यात आणि कोणत्या प्रसंगी घेतले? या प्रश्नांची उत्तरे कोणतेही भिंग देऊ शकत नाही. ती मिळतात मोजपट्टी, विजेरी, आरसा, वही व पेन्सिल अशा वस्तूंमुळे, ज्यांना वरील याद्यांत क्वचितच स्थान मिळते. छायाचित्राचे प्रामाण्य भिंगापेक्षा या सामान्य साधनांवर अधिक अवलंबून असते, हे प्रतिपादन धाराशिव जिल्ह्यातील उदाहरणांच्या आधारे तपासून पाहणे शक्य आहे. लेणी, प्राचीन नगराचे अवशेष, किल्ला आणि भूकंपाने उद्ध्वस्त झालेली गावे असे चार भिन्न स्वरूपांचे विषय या एकाच जिल्ह्यात एकत्र आले आहेत.

२

प्रथम थैलीच्या इतिहासाकडे पाहणे इष्ट ठरेल. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने कलोडियनची ओली काच प्रचारात आणली. या पद्धतीत काचेवर द्रावण पसरणे, ती रौप्य-क्षारात बुडवून प्रकाशग्राही करणे, चित्र घेणे आणि ते प्रकट करणे या साऱ्या क्रिया काच ओली असेतोवर, म्हणजे काही मिनिटांच्या आत, उरकाव्या लागत. परिणामी छायाचित्रकाराबरोबर कॅमेऱ्याखेरीज काळोखा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या आणि पाणी एवढा सरंजाम असे. तो वाहण्यास हमाल किंवा बैलगाडी लागे. जिलेटिनच्या कोरड्या काचा १८७० नंतरच्या दशकात विकसित झाल्या, १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला, आणि गाडीभर सरंजाम खांद्यावरील थैलीत मावू लागला.

या इतिहासाकडे केवळ प्रगतीचा इतिहास म्हणून पाहण्याची प्रथा आहे. तथापि त्याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. एक चित्र घेण्यास जेव्हा अर्धा दिवस लागे, तेव्हा ते चित्र एकटे येत नसे. जेम्स बर्जेस यांचा बीदर व औरंगाबाद जिल्ह्यांतील प्राचीन अवशेषांविषयीचा अहवाल १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला. १८७५-७६ च्या हंगामातील पाहणीवर आधारलेल्या या अहवालात धाराशिवच्या लेण्यांचे वर्णन आहे, आणि त्या वर्णनाला मोजमाप करून काढलेल्या आराखड्यांची जोड आहे. त्यातील कालनिर्णय व पंथनिर्णय पुढील संशोधकांनी वादग्रस्त ठरविले. परंतु आराखडे आजही उपयोगी पडतात. निष्कर्ष कालबाह्य झाला तरी मोजमाप टिकले, ही गोष्ट बोधप्रद आहे. थैली हलकी होताना जर प्रथम मोजपट्टीच बाहेर पडली असेल, तर त्या हलकेपणाची किंमत अभ्यासाला मोजावी लागते.

३

धाराशिव शहराजवळच्या बालाघाटाच्या डोंगरातील लेणी हे पहिले उदाहरण होय. सात लेण्यांच्या या समूहातील दुसरे लेणे सर्वांत मोठे आहे. त्याचा सभामंडप सुमारे ८० फूट चौरस असून त्याची धाटणी अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांशी मिळतीजुळती आहे. ही लेणी मुळात बौद्ध होती व पुढे जैनांकडे गेली, की आरंभापासूनच जैन होती, हा वाद जुना आहे. बर्जेस यांनी ती जैन मानली होती. कनकामर मुनींच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात तेरापूरच्या लेण्यांची कथा येते. हिरालाल जैन यांनी १९३४ मध्ये ते काव्य संपादून प्रसिद्ध केल्यावर जैन परंपरेचा पक्ष नव्याने मांडला गेला. उलटपक्षी रचनेच्या साधर्म्यावरून मूळ बौद्ध स्वरूपाकडे निर्देश करणारे मतही प्रबळ आहे.

या वादात छायाचित्राचा संबंध कोठे येतो? एका पंथाचे शिल्प दुसऱ्या पंथाने आपलेसे केले असल्यास त्याच्या खुणा पाषाणावर राहतात. छिन्नीचे घाव दोन प्रकारचे दिसतात, पूर्वीचा पृष्ठभाग खोल तासलेला आढळतो, नव्या रेषेखाली जुन्या रेषेचा अवशेष उरतो. समोरून टाकलेला फ्लॅशचा प्रखर झोत या सर्व खुणा नष्ट करतो. अशा चित्रात मूर्ती स्पष्ट दिसते, पण तिचा पृष्ठभाग सपाट होतो. याउलट एका बाजूने, जवळजवळ भिंतीला समांतर असा तिरकस प्रकाश पडला तर प्रत्येक घावाला छाया मिळते आणि तो वाचता येतो. असा प्रकाश मिळविण्यास महाग उपकरण लागत नाही. तिपाईवर कॅमेरा स्थिर ठेवून हातातील विजेरी बाजूने फिरविली, अथवा दारातील ऊन आरशाने आत घेऊन पांढऱ्या धोतरावर पसरविले, तरी काम भागते.

लेण्याच्या काळोखाची अडचण नवी नाही. १८६५ मध्ये पियाझी स्मिथ यांनी इजिप्तमधील महापिरॅमिडच्या अंतर्भागाची छायाचित्रे मॅग्नेशियम जाळून घेतली होती. प्रकाश आत नेता येतो हे तेव्हाच सिद्ध झाले. तो कोणत्या दिशेने न्यावा, हा प्रश्न मात्र प्रत्येक छायाचित्रकाराला प्रत्येक भिंतीपुढे नव्याने सोडवावा लागतो. धाराशिवच्या लेण्यांविषयीचा वाद केवळ छायाचित्रांनी मिटेल असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु तिरकस प्रकाशात घेतलेल्या चित्रांची पद्धतशीर मालिका हाती नसताना शिल्पांच्या फेरकोरणीबद्दल ठाम विधान करणे तितकेच धाडसाचे होय.

४

दुसरे उदाहरण तेरणा नदीकाठच्या तेरचे. प्राचीन ग्रीक लेखकांनी उल्लेखिलेले तगर नगर म्हणजे हेच तेर, ही ओळख फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडली. हेन्री कझिन्स यांनी त्यानंतर येथील त्रिविक्रम मंदिराकडे विद्वानांचे लक्ष वेधले. मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असलेली ही विटांची वास्तू मूळच्या चैत्यगृहाची निदर्शक मानली जाते. १९५८ मध्ये येथे उत्खनन झाले, त्याचा चापेकरकृत अहवाल १९६९ मध्ये निघाला. तत्पूर्वी १९६० मध्ये डग्लस बॅरेट यांचे 'तेर' हे पुस्तक मुंबईहून प्रसिद्ध झाले होते. तथापि तेरच्या पुरावस्तूंचा मोठा भाग उत्खननातून नव्हे, तर रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात व परिसरात चिकाटीने केलेल्या संग्रहातून उपलब्ध झाला, आणि त्यांच्याच नावाच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात तो पाहावयास मिळतो.

या संग्रहातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती विशेष प्रसिद्ध आहे. इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिची तुलना केली जाते. पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्यामुळे तेथील मूर्तीच्या कालाची अलीकडची मर्यादा निश्चित आहे. तेरच्या मूर्तीला असा आधार नाही. तिची तुलना सर्वस्वी रूपावर, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या बाबतीत छायाचित्रांवर, अवलंबून राहते. पॉम्पेईची मूर्ती सुमारे २४ सेंटिमीटर उंच आहे. तेरची मूर्ती तिच्याहून लहान आहे. दोन्हींची चित्रे एकाच पृष्ठावर समान उंचीची छापली की हा भेद नाहीसा होतो. वाचक वेशभूषा व अलंकार यांची तुलना करतो आणि आकाराचा प्रश्न, पर्यायाने वस्तूच्या उपयोगाचा प्रश्न, त्याच्या मनात उद्भवतच नाही.

चित्राच्या कडेला सेंटिमीटरची एक पट्टी असती तर हा भ्रम निर्माण झाला नसता. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४४ मध्ये तक्षशिला येथे भारतीय विद्यार्थ्यांना उत्खननाचे जे शिक्षण दिले, त्यानंतर खड्ड्यातील चित्रात मापदंड उभा करणे हा उत्खननशास्त्रात शिष्टाचार बनला. वस्तुसंग्रहालयातील काचेच्या कपाटापुढे मात्र तोच अभ्यासक पुष्कळदा मापदंड विसरतो, आणि हौशी छायाचित्रकाराला तर तो ठाऊकच नसतो. गावोगावच्या पारावर, मंदिराच्या ओवरीत पडलेल्या वीरगळांची चित्रे आज विपुल घेतली जातात. त्यांतील किती चित्रांवरून दगडाची उंची सांगता येईल?

५

तिसरा मुद्दा वहीचा. नळदुर्गच्या किल्ल्यातील पाणीमहाल, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात बांधलेली वास्तू, हे त्याचे सोपे उदाहरण होय. 'नर' व 'मादी' या नावांनी ओळखले जाणारे धबधबे पावसाळ्यात बंधारा भरून वाहू लागला म्हणजेच दिसतात. कोरड्या बंधाऱ्याचे चित्र उन्हाळ्यातील आहे की अवर्षणाच्या वर्षातील श्रावणातले, हे चित्रावरून कळत नाही. अवर्षणाशी वारंवार गाठ पडणाऱ्या या जिल्ह्यात महिना व वर्ष लिहिलेल्या अशा चित्रांची मालिका पाण्याच्या इतिहासाचे साधन ठरू शकते. तारखेवाचून ती केवळ पर्यटनाची शोभा राहते.

स्थलनामांचा प्रश्न याहून बिकट आहे. जुन्या इंग्रजी नकाशांत तेर हे 'थैर' असे येते. धाराशिवचे उस्मानाबाद झाले आणि २०२३ मध्ये पुन्हा धाराशिव झाले. चित्राच्या पाठीवर गाव, शिवार व दिशा यांची नोंद नसेल तर पन्नास वर्षांनी ते चित्र कोणत्या पेटीत शोधावे हेही कळणार नाही.

या नोंदीचे खरे मोल ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे प्रत्ययास आले. त्या भूकंपात लातूर व धाराशिव या जिल्ह्यांतील सुमारे १० हजार माणसे मृत्यू पावली. किल्लारीप्रमाणेच त्या वेळच्या उमरगा तालुक्यातील सास्तूरही उद्ध्वस्त झाले. या आपत्तीची असंख्य छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. त्यांतील शोक खरा होता. परंतु ही माणसे भूकंपाने मेली की घरांनी मारली, या प्रश्नाचे उत्तर शोकचित्रांत नव्हते. ते पडलेल्या भिंतींच्या छेदात होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींना आतले व बाहेरचे अशी दोन तोंडे असत. त्यांना सांधणारे लांब दगड नसत. वर माळवदाचा, मातीच्या जाड थराचा, भार असे. हादऱ्यासरशी भिंतीची दोन तोंडे विलग झाली आणि माळवद खाली आले. ज्या चित्रात भिंतीचा छेद दिसतो, शेजारी मोजपट्टी आहे, आणि गाव व घराचा प्रकार नोंदलेला आहे, ते चित्र पुढे घर दुरुस्त करणाऱ्या गवंड्याला उपयोगी पडते. भिंतींत जागोजागी सांधणारे दगड बसविण्याचा उपाय त्याच निरीक्षणातून निघाला. याउलट केवळ 'किल्लारीचा भूकंप' एवढीच नोंद असलेले चित्र सास्तूरचे असले तरी किल्लारीच्या नावावर जमा होण्याचा संभव असतो, आणि मग सास्तूरच्या माणसाला आपले गाव स्वतःच्याच इतिहासात सापडत नाही.

६

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मापदंडाने चित्राचे सौंदर्य बिघडते. हा आक्षेप निराधार नाही. परंतु त्याचा परिहार सोपा आहे. एक चित्र मापदंडासह व एक त्यावाचून घ्यावे. ओल्या काचेच्या काळी दुसरे चित्र म्हणजे दुप्पट श्रम होते. आज ते क्षणाचे काम आहे. दुसरा आक्षेप असा की, आधुनिक कॅमेरा दिनांक, वेळ, क्वचित अक्षांश-रेखांशही आपोआप नोंदवितो. मग वही कशाला? येथे नोंद आणि ज्ञान यांत गल्लत होते. यंत्र स्थळाचा बिंदू सांगेल. पण दगड मूळ जागी आहे की शेतातून आणून पारावर ठेवला आहे, भिंत घराची की गोठ्याची, मूर्तीला गावकरी कोणत्या नावाने पूजतात, हे त्याला कळत नाही. ते विचारावे लागते आणि लिहावे लागते. शिवाय यंत्राचे घड्याळ चुकीचे लावलेले असेल, तर ते तीच चूक निर्विकारपणे प्रत्येक चित्रावर उमटवीत जाते.

तेर ही गोरोबाकाकांची भूमी. संतमंडळींत कच्चे मडके कोणते व पक्के कोणते, हे त्यांनी थापटण्याने पारखल्याची कथा सर्वश्रुत आहे. छायाचित्राचीही अशीच पारख करावयास हवी, आणि ती त्याच्या चकाकीवरून होत नाही. माप, प्रकाशाची दिशा, स्थळ आणि काळ या चार प्रश्नांना जे चित्र उत्तर देते ते अभ्यासाच्या दृष्टीने पक्के. इतर चित्रे सुंदर असतील, हृदयस्पर्शीही असतील, परंतु त्यांत विधानाचे पाणी ठरणार नाही. क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्याला थैलीत सर्व काही नेता येत नाही. डोंगर चढावयाचा असेल तर प्रत्येक वस्तूचे ओझे जाणवते. यास्तव काही वगळणे भाग पडले तर तिसरे भिंग वगळावे. मोजपट्टी, विजेरी, हातभर आरसा आणि पेन्सिल बांधलेली वही यांचे एकत्रित वजन त्याहून बहुधा कमीच भरेल.