गुणांपलीकडची चव

जॅन्सिस रॉबिन्सन यांना केवळ ‘फायनान्शियल टाइम्स’च्या वाइन-स्तंभलेखिका म्हणणे मला अपुरे वाटते. १९७५ मध्ये व्यापारविषयक मासिकातून सुरुवात करून १९८४ मध्ये त्या वाइन-व्यवसायाबाहेरच्या पहिल्या ‘मास्टर ऑफ वाइन’ झाल्या. १९९४ मध्ये त्यांनी संपादिलेला ‘ऑक्सफर्ड कम्पॅनियन टू वाइन’ हा कोश आला. अमेरिकेतील रॉबर्ट पार्कर यांच्या शंभरपैकी गुणांनी बाजारभाव हलत. रॉबिन्सनही वीसपैकी गुण देतात. पण त्यांचे खरे काम द्राक्षाची जात, माती आणि हवामान शब्दांत उलगडण्याचे.

२०२२ मध्ये सुपरमार्केटमधील वाइनविक्रीवरून आपल्याकडे वाद झाला, तो मुख्यतः शेतकरीहित की व्यसन असा. नाशिकच्या वाइनची चव बाजूलाच राहिली. ‘तुरट’, ‘आंबूस’ म्हणणाऱ्या मराठीला असे लेखन अवघड नाही. माल कुठे कमी पडला, हे बागाइतदाराला जाहिरात सांगणार नाही, समीक्षकच सांगेल.