‘परांची’ की ‘ताणा’? : मूत्राशयाच्या पुनर्रचनेतील एका संज्ञेची चिकित्सा

मूत्राशय निकामी झाला असता रुग्णाच्याच आतड्याचा तुकडा जोडून तो वाढविण्याची अथवा नव्याने घडविण्याची पद्धत आजही रूढ आहे. परंतु आतड्याचा धर्म शोषणाचा, मूत्राशयाचा साठवणीचा. त्यामुळे मूत्रातील क्लोराइड व अमोनियम पुन्हा रक्तात शिरून आम्लता वाढते, श्लेष्मा स्रवत राहतो, खडे होतात. यावर उपाय म्हणून पेशी काढून टाकलेल्या प्राणिज पटलांचा ‘स्कॅफोल्ड’ पुढे आला. या शब्दाचे ‘परांची’ हे सरळ भाषांतर मात्र तपासून घ्यावयास हवे.

भिंत उभी राहिली की गवंडी परांची उतरवितो. शरीरातील पटलही कालांतराने विरते. साम्य एवढेच. येथे गवंडी कोण, हे ‘परांची’ सांगत नाही. अधिक जवळचा दृष्टान्त भिवंडीच्या यंत्रमागावर सापडतो, आणि तो भाषेलाही परका नव्हे : ‘ऊती’ हा शब्दच विणणे या अर्थाच्या ‘वे’ धातूपासून आला आहे, ‘ओतप्रोत’मध्येही तोच धातू आहे. ताणा कितीही चोख भरला तरी बाण्यावाचून कापड होत नाही. पटलावर अस्तराच्या पेशी लवकर पसरतात; स्नायू व रक्तवाहिन्या मागे पडतात, मोठ्या तुकड्याचा मध्य उपाशी राहतो आणि तुकडा आक्रसतो. २००६ साली अँथनी अटाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्याच पेशी पेरून घडविलेल्या मूत्राशयांचा ७ रुग्णांतील अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा बाणाही हाती आल्याचा भास झाला. पुढे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, पेशीयुक्त जाळीच्याच दुसऱ्या टप्प्यातील चाचणीत मूत्राशयाच्या ताणक्षमतेत अपेक्षित सुधारणा दिसली नाही. गंभीर दुष्परिणाम मात्र दिसले. (ताण्याचा दृष्टान्तही लंगडा आहेच : कापडात ताणा टिकतो, येथे तो विरतो.)

‘आतड्याला पर्याय’ ही शब्दयोजना याहून सदोष. पुष्कळ वापरले गेलेले एक पटल डुकराच्या लहान आतड्यापासूनच काढतात! ‘जैविक’ या विशेषणाआड हे मूळ दडून राहते. संमतिपत्रावर सही करणारा भिवंडीतील मोमीन विणकर असो की माळकरी शेतकरी, पदार्थ कोणत्या प्राण्याचा हा त्याच्या लेखी किरकोळ तपशील नव्हे. होकार-नकार त्यावरच ठरावयाचा असतो. तेथे ‘डुकराच्या लहान आतड्याचे, पेशी काढून टाकलेले पटल’ असेच छापावयास हवे, ओळ लांबली तरी.