स्थानिक म्हणजे कुठले?

बेंगळुरूत आमच्या मल्लेश्वरमच्या घराच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या अज्जींनी २०१९च्या डिसेंबरात मला जिन्यातच गाठले. ‘तुमच्या मराठीत ही गोष्ट होऊन गेली म्हणे. ती पोरगी शेवटी कोण निघते हो?’ त्या रोज रात्री झी कन्नडवर ‘जोते जोतेयली’ पाहत. त्या मालिकेचे मूळ म्हणजे आपले ‘तुला पाहते रे’, जे त्याच वर्षीच्या जुलैत आटोपले होते. मी ठाऊक नसल्याचा आव आणला. रहस्य फोडून शेजार कशाला बिघडवा! पण मराठीत ज्या कथेला वर्षही लागले नाही, तिने कन्नडमध्ये साडेतीन वर्षांहून अधिक मुक्काम ठोकला आणि २०२३मध्ये निरोप घेतला. मध्येच नायक अनिरुद्ध जतकर आणि निर्माते यांचे बिनसले. मग कथेतल्या नायकाला अपघात झाला, त्याचा चेहरा बदलला आणि त्याच भूमिकेत दुसरा नट आला. अज्जींना त्यात काही वावगे वाटले नाही. मला मात्र तेव्हापासून बेंगळुरूच्या टेलिव्हिजनकडे पाहताना एकच प्रश्न पडतो: इथले म्हणून यात नेमके काय आहे?

रिमेक कुठेही होतात, त्यात कमीपणा नाही. पण इथे ती सवय कशी जडली याची कथा पडद्यावरच्या बहुतेक कथांपेक्षा चांगली आहे. साठच्या दशकापासून कर्नाटकात परभाषेतले चित्रपट कन्नडमध्ये डब करू द्यायचे नाहीत, असा अलिखित दंडक होता आणि तो पुढे टेलिव्हिजनलाही लागू झाला. छोटा उद्योग, तिन्ही बाजूंनी हिंदी, तमीळ, तेलुगूचा रेटा. आपल्या नटांचे आणि तंत्रज्ञांचे पोट मारले जाईल ही भीती खोटी नव्हती. २०१२मध्ये आमीर खानचे ‘सत्यमेव जयते’ अनेक भाषांत गेले, कन्नडमध्ये येऊ शकले नाही. ग्राहकांच्या एका संघटनेने तक्रार केली आणि २०१५मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चित्रपट व टेलिव्हिजनच्या संघटनांना दोषी धरून दंड ठोठावला.

तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. दंडकाने परक्या आवाजाला दार बंद केले, पण परकी गोष्ट खिडकीतून आत आली. ‘बालिका वधू’ ‘पुट्टगौरी मदुवे’ झाली, ‘अग्गंबाई सासूबाई’ ‘श्रीरस्तु शुभमस्तु’ झाली. नट इथले, घर इथले, साडी इथली, नाश्त्याला इडली. भांडण मात्र ठाण्या-पुण्याकडून आयते आलेले. नटांचा रोजगार वाचला हे खरे. वाचले नाहीत ते लेखक. पटकथा तयार मिळते तिथे संवाद उतरवणारा लागतो, गोष्ट रचणारा लागत नाही. आणि २०२०च्या टाळेबंदीत चित्रीकरणे थांबली तेव्हा स्टार सुवर्णवर कन्नडमध्ये डब केलेले ‘महाभारत’ आले आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले. इतक्या वर्षांची तटबंदी अशी एका उन्हाळ्यात ढासळली.

आता वाहतूक दोन्ही बाजूंनी सुरू आहे. कन्नड ‘लक्ष्मी निवास’ मराठीत आले. तमीळ ‘अण्णा’ कन्नडमध्ये ‘अण्णय्या’ झाला आणि मराठीत ‘लाखात एक आमचा दादा’. याला देवाणघेवाण म्हणायला मी तयार होतो, पण दोन्हीकडचे भाग पाहिल्यावर तो शब्द घशात अडकतो. एकच कंपनी आपलाच माल एका गोदामातून दुसऱ्या गोदामात हलवते आहे. मराठी वाचकाने त्यावर हसू नये. आपल्या घरीही तीच चूल आहे.

हे नेहमी असेच होते असे नाही. कर्नाटकात टीव्ही आधी आला तो बेंगळुरूत नव्हे, तर आपल्या सोलापूरच्या शेजारी. १९७५-७६च्या उपग्रह प्रयोगात इथली उत्तरेकडची खेडी होती आणि १९७७मध्ये गुलबर्ग्याला प्रक्षेपण केंद्र उभे राहिले. राजधानीत दूरदर्शन १ नोव्हेंबर १९८१ला, राज्योत्सवाच्या मुहूर्तावर सुरू झाले. पुढे शंकर नाग यांनी आगुंब्यात ‘मालगुडी डेज’ चित्रित केली. हा माणूस मराठी रंगभूमीवर वावरलेला, ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या लेखनात हात असलेला. पण ‘मालगुडी’ हिंदी-इंग्रजीत बनली. म्हणजे मलनाडाचा पाऊस बेंगळुरूच्या घरांत दिल्लीमार्गे पोचला.

खरी स्थानिक मालिका मला टी. एन. सीताराम यांची वाटते. १९९८च्या सुमारास दूरदर्शनवर आलेली ‘मायामृग’, पुढे खासगी वाहिनीवरच्या ‘मन्वंतर’ आणि ‘मुक्ता’. त्यांतली माणसे नोकरी करतात, कर्ज फेडतात, न्यायालयात तारखा घेतात. सीताराम स्वतः वकिलाच्या भूमिकेत उभे राहत आणि उलटतपासणीचे प्रसंग भागामागून भाग चालत, तरी कंटाळा येत नसे, कारण प्रत्येक प्रश्नाने कोणाचे तरी काहीतरी उघडे पडत असे. आजच्या मालिकेतही एक प्रसंग तीन भाग चालतो. फरक इतकाच की त्या वेळात कॅमेरा खोलीतल्या प्रत्येक चेहऱ्याभोवती गिरक्या घेतो आणि कोणालाच काही कळत नाही.

आणि शहर? २०११च्या जनगणनेनुसार बेंगळुरूत कन्नड मातृभाषा असलेले निम्म्याहून कमी आहेत. इथला भाजीवाला तीन भाषांत भाव करतो आणि चौथीत शिवी देतो. मालिकेतला बंगला मात्र एकभाषी. तिथे तमीळ शेजारी नाही, दखनी बोलणारा मेकॅनिक नाही, मेट्रो नाही आणि सिल्क बोर्ड चौकातली दीड तासाची कोंडीही नाही. या गप्प राहण्यामागे एक जुनी जखम असावी. २ ऑक्टोबर १९९४ला बेंगळुरू दूरदर्शनने दहा मिनिटांचे उर्दू बातमीपत्र सुरू केले. शहरात दंगल उसळली, वीसहून अधिक माणसे गेली आणि बातमीपत्र मागे घेतले गेले. दहा मिनिटांची ही किंमत पाहिलेल्या शहरात पडद्यावर दुसरी भाषा आणायला कोण धजेल? तरी रस्त्यावर जे रोज निर्धास्त चालते त्याला पडदा अजून घाबरतो, हे तीस वर्षांनंतर खटकते.

खासगी वाहिन्यांचा ‘इथलेपणा’ तर पत्त्यापासूनच संशयास्पद. २०००मध्ये आलेल्या ई टीव्ही कन्नडच्या बातम्या हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून वाचल्या जात. ई टीव्ही मराठीचीही तीच कथा. ‘बिग बॉस कन्नड’चे पहिले घर २०१३मध्ये लोणावळ्यात होते.

चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या बऱ्याचशा बेंगळुरूच्याच, पण त्या काढणाऱ्यांची नावे वाचली की विधानसौधात आमदारांची हजेरी घेतल्यासारखे वाटते. ‘कस्तुरी न्यूज’ कुमारस्वामींच्या घरची, ‘जनश्री’ बळ्ळारीच्या जनार्दन रेड्डींची, ‘समय’ गोकाकच्या सतीश जारकीहोळींनी काढलेली. एच. आर. रंगनाथ यांच्यासारख्या पत्रकाराने २०१२मध्ये ‘पब्लिक टीव्ही’ उभी केली हा अपवाद. तरीही याच कॅमेऱ्यांनी त्या वर्षीच्या फेब्रुवारीत सभागृहात मोबाइलवर अश्लील चित्रफीत पाहणारे मंत्री टिपले. अथणीचे लक्ष्मण सवदी धरून तिघांना राजीनामे द्यावे लागले. ऑक्टोबर २०१९मध्ये खासगी कॅमेऱ्यांना सभागृहाची दारे बंद झाली, तेव्हा सवदी उपमुख्यमंत्री होते. बंदी विधानसभा अध्यक्षांची होती, हे सांगितले पाहिजे. योगायोगाची मजा त्याने कमी होत नाही. पुढे २०२१मध्ये सहा मंत्र्यांनी न्यायालयातून अडुसष्ट माध्यमसंस्थांविरुद्ध मनाई मिळवली. ‘पॉवर टीव्ही’वर २०२०मध्ये पोलिसांचा छापा पडला, २०२४मध्ये उच्च न्यायालयाने प्रक्षेपण रोखले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. एवढी धास्ती वाटावी असे काही या वाहिन्या रोज दाखवतात का? नाही. सकाळी राशिभविष्य, दुपारी खून, रात्री नटीचा घटस्फोट. धाडस अधूनमधून होते आणि त्यालाही अनेकदा कोणाच्या तरी भांडणाचा वास असतो.

याचे खापर टीआरपीवर फोडण्याची रीत आहे. देशभरातल्या पन्नास-साठ हजार घरांतल्या मीटरवर जाहिरातींचा बाजार उभा, त्यात केबलवाल्याला द्यायचे पैसे. ही अडचण खरी आहे. पण ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ या काळात वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीरच होत नव्हते. परीक्षा रद्द झालेल्या त्या दीड वर्षात कोणी मन लावून अभ्यास केल्याचे माझ्या पाहण्यात आले नाही.

आणि जिथे पैसाच नाही तिथे? जे. सी. नगरच्या दूरदर्शन केंद्रातून चंदना वाहिनीवर २००२पासून ‘थट् अंत हेळि’ चालते. म्हणजे ‘झटकन सांगा’. डॉ. ना. सोमेश्वर हे पेशाने डॉक्टर असलेले गृहस्थ कन्नड साहित्य, इतिहास, विज्ञान यांवर प्रश्न विचारतात. नेपथ्य साधे, पाहुणे साधे, बरोबर उत्तराला बक्षीस म्हणून पुस्तक. भाग हजारोंनी झाले. अज्जींकडे अशी दोन पुस्तके आहेत, भाच्याने जिंकलेली. अज्जींना त्या पुस्तकांचा मालिकेहून अधिक अभिमान.

२०२५च्या ऑक्टोबरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांडपाण्याच्या कारणावरून बिडदीचा तो स्टुडिओ बंद केला, ज्यात ‘बिग बॉस’चे घर होते. स्पर्धकांना रातोरात हलवले. वाहिन्यांनी फाटकासमोर ठाण मांडून थेट प्रक्षेपण केले. उपमुख्यमंत्र्यांनी लक्ष घातले आणि थोड्याच दिवसांत घर उघडले. बिडदीला जाताना केंगेरीजवळ वृषभावती लागते. बेंगळुरूचे सांडपाणी वर्षानुवर्षे वाहून नेणारी, फेसाळ काळी नदी. सगळ्या गाड्या तिच्या शेजारूनच गेल्या असणार. स्टुडिओ बंद झाला त्या रात्री अज्जी आणि मी चार वाहिन्या फिरवून पाहिल्या. नदी कुठेच दिसली नाही.