कार्यालयीन मराठी: दोष शब्दांचा की वाक्याचा?

शासकीय मराठी कळत नाही अशी तक्रार करणारे बहुतेक जण तिच्या शब्दांकडे बोट दाखवतात. ही तक्रार जुनी आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये भाषा संचालनालय सुरू झाले आणि १९६२ मध्ये 'पदनाम कोश' प्रसिद्ध झाला. आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटले. कोश फार थोड्यांनी उघडून पाहिला असेल, पण ही कोटी मात्र सर्वांच्या लक्षात राहिली. तेव्हापासून कार्यालयीन भाषेची चर्चा म्हणजे संस्कृत शब्दांची थट्टा, असे समीकरण होऊन बसले आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की या चर्चेने दोष चुकीच्या जागी शोधला.

घडवलेले शब्द सुरुवातीला परके वाटतात आणि वापराने रुळतात. 'सचिव', 'आयुक्त', 'संचालक' हे शब्द वाचताना आज कोणी अडखळत नाही. शिवाय दुर्बोधतेचा मक्ता एकट्या संस्कृतकडे नाही. शिवकाळात फारसी-अरबी शब्दांना पर्याय देण्यासाठी 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला, तरी त्या घराण्यातले कितीतरी शब्द दप्तरात टिकून राहिले. 'सबब' हा त्यांतलाच एक. घरात आई 'सबबी सांगू नकोस' म्हणते तेव्हा तिला बहाणे अभिप्रेत असतात. आदेशात मात्र 'सबब' म्हणजे 'म्हणून'. वाचकाला हा शब्द माहीत असतो, तरीही तो अडतो.

आता एक नमुना पाहू. तो या चर्चेसाठी रचलेला आहे, पण ज्याने कधी शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला असेल त्याला तो ओळखीचा वाटेल:

"उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने आपणांस कळविण्यात येते की, आपण दिनांक ३ जून रोजी सादर केलेल्या शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत जोडण्यात आलेल्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपुष्टात आलेली असल्याचे छाननीदरम्यान निदर्शनास आल्याने सदर अर्ज विचारात घेता येत नसल्याने तो निकाली काढण्यात येत आहे."

यातला एकही शब्द पदवीच्या विद्यार्थ्याला शब्दकोशात पाहावा लागणार नाही. तरी पत्र वाचून झाल्यावर तो कार्यालयाच्या खिडकीपाशी जाऊन विचारतो, "मग माझ्या अर्जाचं काय झालं?" त्याचा प्रश्न रास्त आहे. 'निकाली काढला' म्हणजे मंजूर की नामंजूर, हे त्या शब्दांत नाही. निर्णय कोणी घेतला, नवा दाखला दिला तर चालेल का, कधीपर्यंत द्यायचा, यांपैकी काहीच पत्रात नाही. 'उपरोक्त'च्या जागी 'वरील', 'निदर्शनास आल्याने'च्या जागी 'दिसल्याने' असे सगळे सोपे शब्द बसवून पाहा. हे प्रश्न जिथल्या तिथे राहतात.

हेच पत्र दुसऱ्या प्रकारे लिहिता येते:

"आपला शिष्यवृत्तीचा अर्ज सहायक आयुक्तांनी नामंजूर केला आहे. अर्जासोबतच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्च रोजी संपली होती आणि आपण अर्ज ३ जून रोजी दिला. नवा दाखला ३१ जुलैपर्यंत आणून दिल्यास याच अर्जाचा पुन्हा विचार होईल. निर्णय मान्य नसल्यास उपायुक्तांकडे अपील करता येईल; त्यासाठी हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे."

दुसरा मजकूर पहिल्याहून थोडा लांबच आहे. सुबोध लेखन म्हणजे थोडक्यात लेखन, हा समज इथे टिकत नाही. 'आपण' हे आदरार्थी संबोधनही राहिले आहे. सोपे लिहिण्यासाठी अघळपघळ होण्याची गरज नसते. बदललेल्या गोष्टी दोन: निर्णय आधी आला, आणि प्रत्येक क्रियापदाजवळ ते करणारा आला.

या दुसऱ्या गोष्टीपाशी थोडे थांबायला हवे. इंग्रजी लेखनाची मार्गदर्शक पुस्तके 'पॅसिव्ह टाळा' असे सांगतात आणि आपल्याकडच्या टिपणांत त्याचे 'कर्मणी प्रयोग टाळा' असे सरळ भाषांतर होते. मराठीत हा सल्ला निरुपयोगी आहे. 'आयुक्तांनी अर्ज फेटाळला' हे वाक्य कर्मणीच आहे, कारण क्रियापद 'अर्ज' या कर्माप्रमाणे चालते. 'याचिका' असती तर 'फेटाळली' झाले असते. पण त्यात कर्ता 'ने-नी' प्रत्यय लावून ठळकपणे उभा आहे. सकर्मक क्रियापदाचा साधा भूतकाळ मराठीत बहुधा असाच येतो. तो टाळायचा तर बोलणेच बंद करावे लागेल. खरी अडचण 'फेटाळण्यात आला', 'कळविण्यात येते', 'घेण्यात यावा' या रचनेत आहे. इथे कर्ता गळून पडतो आणि वाक्याला त्याची उणीवही भासत नाही. दोन्ही रचनांना 'पॅसिव्ह' या एकाच पेटीत टाकले की विद्यार्थी निर्दोष वाक्ये दुरुस्त करत बसतो आणि सदोष वाक्ये सोडून देतो.

ही रचना कार्यालयांना का प्रिय आहे, हेही समजून घेतले पाहिजे. मसुदा कारकून लिहितो, तो वरच्या टेबलांवरून फिरतो आणि सही अधिकाऱ्याची होते. त्या मजकुरातला 'मी' कोणाचा, हे लिहिणाऱ्यालाच ठरवता येत नाही. निर्णय व्यक्तीचा नसून पदाचा असतो, हा युक्तिवादही खरा आहे. पण पदाला नाव असते आणि ते लिहिता येते. 'सहायक आयुक्तांनी' हा एक शब्द त्यासाठी पुरतो.

कर्ता गाळणे हा केवळ शैलीचा दोष नाही, हे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ वाचल्यावर स्पष्ट होते. त्याच्या कलम ७ च्या पोटकलम (८) नुसार माहिती नाकारताना अधिकाऱ्याने तीन गोष्टी कळवल्याच पाहिजेत: नकाराची कारणे, अपिलाची मुदत आणि अपील कोणाकडे करायचे त्याचा तपशील. पहिल्या अपिलाला ३० दिवस आणि दुसऱ्याला ९० दिवस मिळतात. 'आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे' एवढेच उत्तर आले, तर अर्जदाराची मुदत नकार झाला की नाही हे समजून घेण्यातच सरू शकते. चांगल्या पत्रात काय असावे हे सांगणारा लेखनाचा धडा म्हणून मी विद्यार्थ्यांना हे पोटकलम वाचायला सांगेन. त्याची स्वतःची भाषा फार देखणी नाही, ही गोष्ट वेगळी.

दुर्बोधता फक्त खालच्या कार्यालयांत असते असेही नाही. भारतीय स्टेट बँक आणि तिचा एक कर्मचारी यांच्यातल्या वादात हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने दिलेला निकाल इतका अनाकलनीय होता, की १६ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती ए. एस. बोपण्णा यांच्या खंडपीठाने त्या निमित्ताने निकाल कसा लिहावा याचेही विवेचन केले. वस्तुस्थिती, कायद्याचा प्रश्न, त्याचा ऊहापोह आणि निष्कर्ष हे टप्पे दिसावेत. परिच्छेदांना क्रमांक असावेत. लांब निकालाला उपशीर्षके असावीत. दृष्टिबाधित वाचकाला संगणकाच्या मदतीने निकाल वाचता यावा, हा मुद्दाही त्यात आहे, आणि लेखनाच्या पाठ्यपुस्तकांत तो क्वचितच भेटतो.

या विवेचनाचे मोल मोठे आहे, पण ते मुख्यतः सांगाड्याविषयी आहे. क्रमांक दिलेल्या परिच्छेदातही दहा ओळींचे वाक्य सुखाने नांदू शकते. शिवाय वस्तुस्थितीपासून निष्कर्षाकडे जाणारा क्रम निकालाला शोभतो, कारण तिथे निष्कर्षाइतकीच वाटही तपासली जाते. तोच क्रम पत्रात आला की वाचक शेवटच्या ओळीपर्यंत टांगून राहतो. पदवीच्या उत्तरपत्रिकांतही हे दिसते: प्रश्न एका संकल्पनेबद्दल असतो आणि उत्तराचे पहिले पान तिच्या उगमावर खर्च होते.

२०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाचे काही निकाल मराठीसह अनेक भारतीय भाषांत अनुवादित होऊ लागले. तिथे वाक्याचा प्रश्न आणखी टोकदार होतो. इंग्रजीत नामाची विशेषणवाक्ये नामाच्या मागून येतात; वाचकाला आधी 'कर्मचारी' भेटतो, मग त्याचा इतिहास. मराठीत तोच मजकूर धातुसाधितांच्या साखळीने नामाच्या आधी येतो: 'चौकशीत दोषी ठरलेल्या, बडतर्फीविरुद्ध न्यायाधिकरणाकडे गेलेल्या व तेथील निर्णय मान्य नसलेल्या कर्मचाऱ्याने'. कोणाबद्दल चालले आहे हे कळेपर्यंत तीन घटना डोक्यात धरून ठेवाव्या लागतात, आणि क्रियापद तर अजून यायचेच असते. यावर मराठीतच उपाय आहे: 'हा कर्मचारी चौकशीत दोषी ठरला. बँकेने त्याला बडतर्फ केले. त्याविरुद्ध तो न्यायाधिकरणाकडे गेला, पण तेथील निर्णय त्याला मान्य झाला नाही.' कथेतला निवेदक हे सहज करतो. कायद्याचा अनुवादक मात्र वाक्य तोडायला धजावत नाही. तोडताना एखादी अट सुटली तर अर्थ बदलेल आणि दोष त्याच्यावर येईल, ही त्याची भीती खोटी नाही. त्यामुळे मूळ इंग्रजी वाक्य जेवढे लांब, तेवढेच ते मराठीत येते, फक्त उलट्या क्रमाने.