तळावलीचे सांत आना चर्च आणि 'बरोक' ही संज्ञा

नरडाणे-शिंदखेडे या भागातील अभ्यासकाची प्राचीन वास्तूविषयीची कल्पना बहुधा बळसाण्याच्या मंदिरसमूहावरून बनलेली असते. हेन्री कझिन्स यांनी १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथात या समूहाची दखल घेतली आहे. तेथील नक्षी काळ्या दगडाच्या अंगातूनच काढलेली आहे. वरून चढविलेले असे काही नाही. या सवयीची दृष्टी घेऊन कोणी गोव्यात तिसवाडीतील तळावली या गावी सांत आना चर्च पाहावयास गेला, तर त्याचा पहिला ग्रह प्रतिकूल होण्याचा संभव आहे. जांभ्याच्या भिंतीवर चुन्याचा जाड गिलावा, त्या गिलाव्यातच उठविलेले अर्धस्तंभ, कोनाडे आणि शिंपल्याच्या आकृती; हे सारे त्याला वरवरचे वाटते. त्यात पुन्हा या वास्तूला 'बरोक' म्हणतात असे कळले, म्हणजे परकी शैलीची खेड्यातील नक्कल असा निर्णय देऊन तो मोकळा होतो. हा निर्णय का टिकत नाही, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

'बरोक' या शब्दाचे मूळ पोर्तुगीज भाषेत ओबडधोबड मोत्याला लावीत असलेल्या शब्दात सांगितले जाते. सतराव्या शतकातील रोमन वास्तुकलेत वक्र भिंती, पुढेमागे होणारा दर्शनी भाग आणि छायाप्रकाशाचा नाट्यपूर्ण खेळ ही या शैलीची लक्षणे मानतात. तळावलीत यांपैकी जवळजवळ काहीच नाही. येथील दर्शनी भाग सपाट आहे. पाच मजल्यांच्या पट्ट्या एकावर एक रचीत तो वर जातो आणि दोन्ही बाजूंच्या चौकोनी मनोऱ्यांत बांधला जातो. त्याचा परिणाम हालचालीतून साधत नाही. उंचीतून आणि खिडक्या-कोनाड्यांच्या पुनरावृत्तीतून साधतो. याचे निकटचे पूर्वरूप युरोपात शोधण्यापेक्षा जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियनांच्या ग्रेस चर्चमध्ये शोधणे अधिक सयुक्तिक होय. दुर्दैवाने त्या चर्चचा दर्शनी भाग १९३१ साली कोसळला. आज सुमारे ४६ मीटर उंचीचा एक भग्न मनोरा तेवढा उभा आहे, आणि तुलनेचा मुख्य आधारच त्यामुळे हातचा गेला आहे.

तळावलीचे सध्याचे चर्च १६८१ ते १६९५ या काळात उभे राहिले. हा काळ ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १६८३ च्या अखेरीस संभाजी महाराजांच्या फौजा जुन्या गोव्याच्या दाराशी, जुवे बेटापर्यंत, येऊन ठेपल्या होत्या. पुढल्याच वर्षी, १६८४ मध्ये, व्हाइसरॉयने फर्मान काढून तीन वर्षांच्या आत स्थानिक लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे असे बजावले. म्हणजे एकीकडे गावची बोली मोडून काढण्याचा हुकूम सुटत होता आणि दुसरीकडे त्याच गावात ही प्रचंड वास्तू चढत होती. पाउलो व्हारेला गोमिश यांनी २०११ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, या काळातील गोव्याची चर्चे ही पोर्तुगीज कलेची शाखा नसून गोमंतकीय कॅथलिक समाजाची स्वतःची निर्मिती आहे. त्यांचे म्हणणे आम्हांस पटते. मात्र त्याने इन्क्विझिशनचा आणि पाडलेल्या देवळांचा इतिहास पुसला जात नाही, हेही नमूद केले पाहिजे.

मराठीच्या अभ्यासकास या प्रतिपादनाचे नवल वाटू नये. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. कथा परकी, धर्म परका, कवीही परका. परंतु ओवी आपली म्हणून तो ग्रंथ आपण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात निःशंकपणे घेतो. जो न्याय ग्रंथाला, तो वास्तूला नाकारण्याचे कारण काय? तळावलीत तर बांधणारे हातही येथलेच आहेत.

याहून बोलका पुरावा फोंड्याच्या डोंगराळ मुलखात मिळतो. पोर्तुगीज अमलातून हलविलेल्या देवांची मंगेशी, कवळे येथील देवालये अठराव्या शतकात नव्याने उभी राहिली, तेव्हा त्यांनी घुमट, अष्टकोनी मनोरे, कमानीच्या खिडक्या आणि कठडे निर्धास्तपणे उचलले. ज्यांच्या देवांना गाव सोडावे लागले, त्यांनीच ही रचना स्वीकारली. परकेपणाची जाणीव शिल्लक असती, तर असे घडले नसते. तळावलीत आजही जुलै महिन्यात सांत आनाच्या फेस्ताला लोक तवशी वाहून संततीचा नवस बोलतात. या प्रथेची उकल वास्तुशास्त्राच्या कक्षेबाहेरची आहे. पण ज्या दर्शनी भागासमोर ती चालते, त्याला उपरा म्हणणे अवघड जाते.

राहिला गिलाव्याचा आक्षेप. जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ. त्यावर बारीक कोरीव काम होत नाही, आणि कोकणच्या पावसात तो उघडा टिकत नाही. तेव्हा चुन्याचा लेप ही या वास्तूची कातडी आहे, वस्त्र नव्हे. हे न ओळखल्याचा परिणाम जुन्या गोव्यात बॉम जेझुस बॅसिलिकेवर झाला. १९५० च्या दशकात बाल्ताझार काश्त्रु या पोर्तुगीज वास्तुविशारदाने, दगड दिसला म्हणजे वास्तू अधिक प्राचीन आणि भारदस्त वाटेल अशा समजुतीने, तिचा गिलावा उतरविला. तांबडी भिंत तेव्हापासून पावसात झिजत आहे, आणि गिलावा पुन्हा चढवावा की नाही यावर वाद चालू आहे. पर्यटकांना मात्र तो तांबडा रंगच अस्सल वाटतो. त्याच बॅसिलिकेच्या दर्शनी भागातील कोरीव काम ज्या काळ्या दगडात आहे, तो वसईकडून समुद्रमार्गे आणलेला होता. बळसाण्याच्या शिल्पींनी हाताळला तो दगडही त्याच जातीचा, दख्खनच्या लाव्हाचा. गोव्याच्या कारागिरांना त्याची योग्यता ठाऊक होती. जेथे तो आणणे परवडले तेथे त्यांनी तो कोरला, आणि जेथे परवडले नाही तेथे चुन्यातून काम काढले.