तक्त्यात न बसणारा रंधा

आपल्या मंडळाच्या टिपणांत जुन्या रंध्यांचं वय ठरवताना हल्ली एकच आधार दिसतो: रॉजर के. स्मिथ यांचा स्टॅन्ली रंध्यांच्या प्रकारांचा तक्ता. तक्ता चांगलाच आहे. माझी तक्रार आहे ती आपण तो वाचतो त्या पद्धतीबद्दल.

आधी तक्ता काय सांगतो ते पाहू. लिओनार्ड बेली यांची पेटंटं 1869 साली अमेरिकेतल्या स्टॅन्ली कंपनीकडे गेली. पुढे बेली नमुन्याचा 5 नंबरचा, 14 इंच लांबीचा रंधा अनेक दशकं त्याच नंबरनं विकला गेला. भाग मात्र बदलत राहिले. पात्याच्या बैठकीमागे सांगाड्यावर 1902 च्या दोन आणि 1910 ची एक अशा तीन पेटंट-तारखा ओतलेल्या असतील, तर सांगाडा साधारण 1910 ते 1918 मधला. पातं दाबून धरणाऱ्या टोपीचं छिद्र काजूच्या आकाराचं असेल, तर टोपी 1933 किंवा त्यानंतरची. पातं खालीवर करणारं चाक पितळेऐवजी काळ्या कडक रबराचं असेल, तर ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं, म्हणजे 1942 ते 1945 चं. पितळ तेव्हा लढाईच्या कामाला लागत होतं.

निर्ण्याच्या आमच्या घरातल्या रंध्यात हे तिन्ही भाग एकत्र आहेत. मागची मूठ तर बाभळीची होती. तक्त्याच्या कुठल्याच रकान्यात हा रंधा बसत नाही. संग्राहक अशा हत्याराला ‘जोडाजोडीचं’ म्हणतात आणि मोल कमी धरतात. मीही तसंच धरलं. बाभळीची मूठ काढली, शिसवी ‘अस्सल’ मूठ विकत आणून बसवली आणि जुनी चुलीत घातली. चुलत्यांच्या तळव्यानं तिला खोलगट जागा पडली होती. त्या रंध्यात निर्ण्याचं असं तेवढंच होतं, बाकी सगळं परदेशातून आलेलं. ते मी जाळलं.

चूक तक्त्याची नाही. तक्ता भागाचं वय सांगतो, हत्याराचं नाही. नमुना बदलला म्हणून कारखाना शिल्लक भाग त्याच दिवशी वितळवत नसतो. म्हणून नव्या कोऱ्या रंध्यातही जुने-नवे भाग एकत्र सापडतात. शिवाय हा तक्ता अमेरिकी मालाचा. स्टॅन्लीचे रंधे 1937 पासून इंग्लंडात शेफील्डलाही होऊ लागले, आणि तिथल्याच रेकॉर्ड कंपनीचे 05 नंबरचे रंधे तर वेगळ्याच घरचे. त्यांना हा तक्ता लावणं म्हणजे एकाच्या कुंडलीवर दुसऱ्याचं भविष्य सांगणं.

तक्त्यातून खात्रीनं निघतं ते एवढंच: आमचा रंधा आज दिसतो तसा 1942 च्या आधी नव्हता. सांगाडा 1918 च्या आसपासचा आणि चाक युद्धकाळातलं, म्हणजे तो मोडला, दुरुस्त झाला आणि पुन्हा कामाला लागला. बिदर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. गावच्या इतिहासाला ‘अस्सल’पेक्षा ही दुरुस्ती जास्त कामाची.

तेव्हा विनंती अशी. टिपणात एकच साल लिहू नका. सांगाडा, टोपी, चाक, पातं, मूठ यांची नोंद वेगवेगळी करा. गावात केलेल्या दुरुस्तीला स्वतंत्र रकाना ठेवा. आणि मूठ बदलायचीच असेल, तर जुनी फडक्यात गुंडाळून रंध्याशेजारीच ठेवा.